डेन म्हणजे नक्की काय, आणि तिथे आईची झोपायची सोय करावी का?

माणगंगा
आम्ही मध्य न्यू जर्सीत घर बघतोय. एक स्प्लिट लेव्हल पसंत पडलंय, १९६७ सालचं. जाहिरातीत लिहिलंय: ३ बेडरूम, दीड बाथ, डेन. दारातून अर्धा जिना वर गेलं की लिव्हिंग रूम आणि स्वयंपाकघर, तिथून आणखी अर्धा जिना वर तिन्ही बेडरूम आणि मोठी बाथरूम. डेन मात्र दाराच्याच पातळीवर, एकही पायरी न चढता. साधारण ११ बाय १४ फूट. भिंतींना गडद लाकडी पॅनेलिंग, एका भिंतीत विटांची फायरप्लेस, शेजारी टॉयलेट-बेसिनची अर्धी बाथ, पलीकडे कपडे धुण्याची खोली आणि गॅरेज.

बघताक्षणी मनात आलं, ही आईची खोली. ती विट्याहून दर दोन वर्षांनी येते आणि सहा महिने राहते. गुडघे दुखतात, सध्याच्या घरात रात्री बाथरूमसाठी जिना उतरताना माझा जीव वर-खाली होतो. पण एजंटबाई डेनला बेडरूम म्हणायलाच तयार नाहीत. "चौथी बेडरूम म्हणू या की," म्हटलं तर, "मी तसं लिहू शकत नाही आणि तोंडीही म्हणणार नाही," असं स्वच्छ सांगितलं. कारण विचारलं तर विषय बदलला.

तर दोन प्रश्न. अमेरिकन लोक डेन नक्की कशाला म्हणतात, आणि तुम्ही आपापल्या डेनमध्ये काय करता? दुसरा, खरा प्रश्न: आईला तिथे झोपवण्यात काही गैर आहे का? एक चांगला पलंग टाकला की झालं ना?

डॅलसकर
टेक्सासात पहिला प्रश्न कोणाला पडतच नाही. टीव्ही जिथे आहे ती डेन. आमचं घर रिचर्डसनमधलं, सत्तरच्या दशकातलं रॅंच, म्हणजे पसरट एकमजली घर. पुढच्या बाजूला फॉर्मल लिव्हिंग आणि डायनिंग, मागच्या अंगणाकडे डेन. घरातली सगळ्यात मोठी खोली तीच. एक पायरी खाली उतरून जायचं, मोठी फायरप्लेस, कोपऱ्यात सिंक असलेला छोटा बार. आमच्या मराठी बारमध्ये पाण्याची पिंपं आणि लोणच्याच्या बरण्या आहेत. :)

इथे दक्षिणेत जुन्या लोकांना 'फॅमिली रूम' म्हटलेलं चालतं, पण ते स्वतः डेनच म्हणतात. पुढच्या खोलीतला सोफा पाहुण्यांसाठी, आणि पाहुणेही येऊन बसतात डेनमध्येच. ती एक पायरी मात्र वाईट. अंधारात नवा माणूस हमखास धडपडतो. आम्ही तिच्या कडेला पिवळी पट्टी लावली आहे.

पाऊसवेडी
सिएटलला या एकदम उलटी गोष्ट. आमचा कॉंडो '१ बेडरूम + डेन'. डेन म्हणजे स्वयंपाकघराच्या मागची ७ बाय ८ फुटांची खाच, सरकतं दार, खिडकी नाही. २०२० मध्ये नवरा दिवसभर तिथे बसायचा आणि जेवायला बाहेर आला की विचारायचा, आज पाऊस आहे का?

बोरिवली_ते_बोस्टन
>> खिडकी नाही
म्हणजे आपल्याकडे जिला बिल्डर 'स्टोअर कम स्टडी' म्हणतो तीच.

इस्त्रीवाली
आमच्याकडे डेन म्हणजे धुतलेले कपडे घडीची वाट बघतात ती खोली. वर्षानुवर्षं वाट बघतात.

कंपास_पेटी
माणगंगा, मी वास्तुविशारद आहे, जुन्या घरांची डागडुजी आणि वाढीव बांधकाम हेच रोजचं काम. तुमच्या एजंटबाई बरोबर बोलल्या. कारण सांगते.

डेन या नावाला बांधकामाच्या नियमांत काही वेगळा अर्थ नाही. नियम बघतात तो खोलीत माणूस झोपणार आहे की नाही. बहुतेक राज्यं आंतरराष्ट्रीय निवासी संहिता ही घरबांधणीची नमुना नियमावली थोडेफार फेरफार करून वापरतात, न्यू जर्सीसुद्धा. त्यात राहण्याजोगी खोली किमान ७० चौरस फूट, कुठल्याही बाजूने ७ फुटांपेक्षा अरुंद नको, छत ७ फूट. एवढं तुमच्या डेनमध्ये आरामात बसतं. क्लोझेट (भिंतीतलं कपाट) नाही म्हणून बेडरूम नाही, असं जे सगळे सांगतात ते त्या संहितेत कुठेही नाही. ती बाजारातली रूढी आहे, काही ठिकाणी स्थानिक नियमही असतात.

खरी अडचण खिडकीची. ज्या खोलीत माणूस झोपतो तिथून आगीच्या वेळी थेट बाहेर पडता आलं पाहिजे, आणि बाहेरून अग्निशमन दलाचा माणूस पाठीवरच्या सिलिंडरसकट आत शिरू शकला पाहिजे. त्यासाठी खिडकी उघडल्यावर मिळणारी मोकळी जागा किमान ५.७ चौरस फूट लागते, जमिनीलगतच्या खिडकीला ५ चौरस फूट चालते. रुंदी किमान २० इंच, उंची किमान २४ इंच, आणि खिडकीचा खालचा काठ आतल्या जमिनीपासून ४४ इंचांपेक्षा वर नको. इथे लोक फसतात: २० गुणिले २४ केलं तर जेमतेम ३.३ चौरस फूट होतात. म्हणजे दोन्ही बाजू किमान मापाच्या असलेली खिडकी नापासच. शिवाय वर-खाली सरकणाऱ्या खिडकीचा अर्धाच भाग उघडतो, त्यामुळे भिंतीवर मोठी दिसणारी खिडकी प्रत्यक्षात अर्धी धरायची.

साठच्या दशकातल्या स्प्लिट लेव्हलमध्ये खालच्या खोल्यांना बहुधा उंचावर लावलेल्या आडव्या, बुटक्या खिडक्या असतात. म्हणून विचारते, तुमच्या डेनची खिडकी कशी आहे? टेप घेऊन जा आणि तीन मापं आणा: उघडल्यावरची रुंदी, उघडल्यावरची उंची, आणि खालचा काठ जमिनीपासून किती.

माणगंगा
बाप रे. खिडकी उंचावर आहे एवढं नक्की आठवतंय, कारण बाहेरचं काही दिसत नव्हतं. शनिवारी परत जातोय, मोजते.

साखरपुडा
घर साठ वर्षं उभं आहे, इतक्या वर्षांत त्या डेनमध्ये कोणी झोपलंच नसेल का? इतकं घाबरवू नका हो. आमच्या तळघरात दर वर्षी उन्हाळ्यात दहा-बारा माणसं गाद्या टाकून झोपतात.

कंपास_पेटी
साखरपुडा, एक रात्र पाहुणे झोपणं आणि सत्तरीच्या बाईंची सहा महिने कायमची खोली करणं यात फरक आहे. आणि तुमच्या तळघरालाही तेच लागू आहे. मानवी वस्तीच्या तळघराला बाहेर पडायची वाट हवीच. तरुण माणूस धुरातून जिना शोधेल. गुडघे दुखणारी, चष्मा उशाशी ठेवलेली, घर नवं असलेली बाई रात्री दोन वाजता कुठे जाईल, याचा विचार करून हा नियम वाचा.

बोरिवली_ते_बोस्टन
कंपास_पेटींना अनुमोदन. आमच्याकडे याला आणखी एक पदर आहे, तो म्हणजे मैला. हसू नका. आमचं गाव बॉस्टनपासून तासभर दूर, गटार नाही, प्रत्येकाच्या अंगणात सेप्टिक टाकी. मॅसॅच्युसेट्समध्ये ही यंत्रणा बेडरूमच्या संख्येवर आखतात, एका बेडरूममागे दिवसाला ११० गॅलन. तुमच्या घरात बाथरूम किती, माणसं किती, हे नंतर. आधी बेडरूम किती?

आमची टाकी तीन बेडरूमची. घरात खोल्या पाच. म्हणून जाहिरातीत एक 'स्टडी' आणि एक 'डेन'. घेताना मला वाटलं, वा, दोन जास्तीच्या बेडरूम मिळाल्या. क्लोझेट असलेली, दार असलेली, पूर्वेची खिडकी असलेली डेन! आरोग्य मंडळाच्या लेखी मात्र ती बेडरूम होऊच शकत नाही, टाकी आणि निचरा-क्षेत्र (टाकीतलं पाणी जिथे जिरतं ती जमीन) वाढवल्याशिवाय. त्याचा खर्च ऐकून आम्ही डेनला डेनच म्हणायचं ठरवलं. शेजारच्या गावात तर मंडळ अशा खोलीला दारच लावू देत नाही, रुंद उघडी चौकट ठेवायला लावतं, म्हणजे कोणी गुपचूप पलंग टाकायला नको.

तेव्हा अमेरिकेतल्या पुष्कळ डेन म्हणजे कागदावर बेडरूम होऊ न शकलेल्या खोल्या आहेत. माणगंगा, तुमच्याकडे सार्वजनिक गटार आहे का ते बघून घ्या.

जुना_पिंपळ
चांगला धागा. शिकागोच्या उपनगरांतल्या जुन्या घरांचा मला नाद आहे, त्यामुळे थोडं मागे जातो. मूळ प्रश्नाचा पहिला भाग त्यातून सुटेल असं वाटतं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुस्थितीतल्या घरांत पुढची पार्लर पाहुण्यांसाठी असे, आणि तिच्यावर घरच्या बाईची हुकमत. डेन ही पुरुषाची खोली. तंबाखू, पाइप, तुर्की गालिचे, भिंतीवर तलवारी आणि हरणांची मुंडकी. बाहेरच्या माणसाला तिथे सहज प्रवेश नसे. म्हणजे मुळात ही लपायची जागा.

दुसऱ्या महायुद्धानंतर घरं लहान झाली. १९४७ मध्ये लॉंग आयलंडवर लेव्हिटाउन उभं राहिलं, तिथलं घर ७५० चौरस फूट: दोन बेडरूम, स्वयंपाकघर, लिव्हिंग रूम आणि वर मोकळा माळा. डेन कुठली आणि काय. त्याच सुमारास, १९४५ मध्ये, जॉर्ज नेल्सन आणि हेन्री राइट या दोघा वास्तुरचनाकारांनी लिहिलं की घराला आणखी एक खोली हवी, सगळ्या कुटुंबाने पसरायची, पुसता येईल अशा जमिनीची, दणकट सामानाची. तिला त्यांनी नावसुद्धा दिलं नाही, 'नाव नसलेली खोली' म्हणाले.

मग टीव्ही आला. १९५० मध्ये शंभरातल्या नऊ घरांत होता, १९६० मध्ये ८७ घरांत. लेव्हिटाउनच्या १९५० च्या मॉडेलमध्ये तर टीव्ही भिंतीतच बसवून देत. लिव्हिंग रूममध्ये टीव्ही शोभेना, मुलांचा गोंधळ सोसवेना. स्प्लिट लेव्हलच्या खालच्या पातळीवर गॅरेजशेजारी जागा स्वस्तात मिळत होती, तिथे टीव्ही, फायरप्लेस आणि लाकडी पॅनेलिंग जाऊन बसलं. माणगंगा बघतायत ती डेन नेमकी त्या पिढीची. बापाची लपायची जागा आणि पोरांची पसरायची जागा एकाच खोलीत आली, म्हणून आज कोणी तिला शांत अभ्यासिका समजतो आणि कोणी टीव्हीची खोली. डॅलसकर आणि पाऊसवेडी दोघंही बरोबर आहेत.

डॅलसकर
पिंपळकाका, नव्या घरांत तर डेन गेलीच. स्वयंपाकघर, जेवण, टीव्ही सगळं एका मोठ्या हॉलात, दारं-भिंती काही नाही. कुकरची शिट्टी झाली की ऑफिसच्या मीटिंगमधले सगळे विचारतात, हे काय होतं? २०२० नंतर बिल्डर पुन्हा दार असलेली खोली द्यायला लागलेत, फक्त नाव 'फ्लेक्स रूम'.

हिशेबनीस
अवांतर, पण उपयोगी. डेनचं ऑफिस केलं म्हणून करात सवलत मिळते का, असं दर मार्चमध्ये मला कोणीतरी विचारतं. पगारदार असाल तर केंद्रीय करात नाही, २०१८ पासून ती गेली. स्वतःचा व्यवसाय असेल तर मिळते: सोप्या पद्धतीने चौरस फुटाला ५ डॉलर, जास्तीत जास्त ३०० चौरस फूट, म्हणजे १,५०० डॉलर. पण खोली किंवा खोलीचा ठरावीक भाग नियमितपणे आणि फक्त कामासाठीच वापरला पाहिजे. त्याच जागेत रात्री आजी झोपत असतील तर सवलत विसरा.

रेवा_ओहायो
मी डेन लीडर आहे! ती वेगळी डेन, तरी सांगतेच. कब स्काउट्समध्ये, म्हणजे लहान मुलांच्या स्काउटमध्ये, सहा-आठ मुलांच्या गटाला डेन म्हणतात. १९३० मध्ये कब स्काउट्स सुरू झाले तेव्हापासून या गटांच्या बैठका कोणाच्या तरी घरी भरत आल्या आहेत. आमची आमच्या डेनमध्ये भरते. डेनमध्ये डेन! दर हिवाळ्यात पाइनवुड डर्बी असते, १९५३ पासूनची प्रथा. प्रत्येक मुलाला लाकडाचा एक ठोकळा, चार चाकं आणि चार खिळे मिळतात, त्यातून गाडी करायची आणि उतारावर शर्यत. भुसा, रंग, ग्रॅफाइटची काळी पूड, सगळं गालिच्यात. मुलाचे अमेरिकन मित्र माझ्याकडच्या बैठकीची वाट बघतात, कारण खायला बटाटेवडे असतात. डेन ही अशीच हवी, जिथे काही सांडलं तर आईचा आवाज चढत नाही.

इस्त्रीवाली
रेवा, पुढच्या बैठकीला मीही येते. ठोकळा नको, वडे चालतील.

तबल्याची_आई
आमच्या डेनमध्ये रविवारी मराठी शाळा. गालिचा जाड आणि दार बंद होतं, त्यामुळे अकरा मुलांची बाराखडी वरच्या मजल्यावर ऐकू येत नाही. गणपतीही तिथेच बसतो. पॅनेलिंगच्या भिंतीपुढे मखर फार उठून दिसतं. धुपाला मात्र जपा. पहिल्या वर्षी आरती रंगात आली आणि धुराचा अलार्म वाजला, तो घरभर एकमेकांना जोडलेला असल्यामुळे सगळे एकदम. घंटा-टाळांत दोन मिनिटं कोणाला कळलंच नाही. आता धुपाटणं फिरवून लगेच अंगणात नेतो. अलार्म काढून ठेवत नाही.

निवांत_नाशिक
मी इथे फारशी लिहीत नाही, वाचते. पण माणगंगाताईंच्या प्रश्नाला उत्तर द्यायचा अधिकार माझा आहे असं वाटतं, कारण मी त्या डेनमध्ये राहणारी आई आहे. मुलगा ऑस्टिनला. दोन वर्षांआड येते, विमानतळावर सहा महिने राहायची परवानगी देतात.

मुलाने आणि सुनेने हौसेने डेन सजवून दिली. पलंग उत्तम, दिवा उशाशी, छोटा देव्हारा, शेजारी बाथरूम. कशाला नाव ठेवायला जागा नाही. पण दार काचेचं, दोन फळ्यांचं, आतून कडी नाही. साडी नेसताना कुठे उभं राहायचं? दुपारी पाठ टेकली की स्वयंपाकघरात जाणारा-येणारा दिसतो, आणि आपणही त्याला दिसतो. मुलं शहाणी, कोणी आत डोकावत नाही, तरी मन आखडून राहतं. मी माझ्या दोन सुती साड्या काचेवर लावल्या. सुनेने संध्याकाळी पाहिलं, काही बोलली नाही, आणि त्याच आठवड्यात सुताराला बोलावून भरीव दार आणि कडी बसवून घेतली. त्या दिवशी ती खोली माझी झाली.

दुसरं, त्या खोलीत आधी टीव्ही होता. नातवंडं शनिवारी सकाळी उठून सवयीने तिथेच येत आणि दाराशी थांबून राहत. त्यांची जागा मी घेतली असं मला वाटायचं. टीव्ही वर नेला तेव्हा तो प्रश्न मिटला.

आणि कपाट हवं. सहा महिने बॅगेतून कपडे काढून नेसणं म्हणजे रोज पाहुणं असणं. नियमात क्लोझेट लागत नसेल, माणसाला लागतं.

खिडकीचं त्या बाईंनी लिहिलंय ते वाचून मुलाला मोजायला सांगितलं. आमची ठीक निघाली, उंबऱ्यासारखी खाली आहे.

पाऊसवेडी
काकू, हा प्रतिसाद मी सासूबाई यायच्या आधी नवऱ्याला वाचायला देणार आहे. तुमच्या सूनबाईंना नमस्कार सांगा.

साखरपुडा
काकूंचं पटलं. तरी माझं मत आहे की आईवडिलांना खालच्या खोलीत ठेवण्यापेक्षा आपली मोठी बेडरूम द्यावी आणि आपण डेनमध्ये जावं. आम्ही तसंच करतो. घरातली चांगली खोली मोठ्यांची, आपल्याकडची पद्धत तीच.

निवांत_नाशिक
साखरपुडा, भावना चांगली आहे. पण मला विचाराल तर मी जिना नाकारीन आणि खोली घेईन. मान म्हणून वरची खोली दिली आणि दिवसातून आठ वेळा चढ-उतार करावी लागली, तर मी खाली यायचंच टाळेन. मैत्रिणीचं तसं झालं. दुपारचा चहा वरच मागवायची, मग जेवणही.

माणगंगा
काकू, तुमचा प्रतिसाद आईला फोनवर वाचून दाखवला. म्हणाली, "त्यांना सांग, कडीचं पहिल्यांदा लिहिलं ते बरं केलं."

मापं आणली. खिडकी सरकती, चौकट ५२ इंच रुंद आणि २२ इंच उंच. एकच फळी सरकते, म्हणजे उघडते साधारण २४ इंच. खालचा काठ जमिनीपासून ५४ इंच. माझ्या छातीच्या वर! गटार सार्वजनिक आहे, ते विचारून घेतलं. आणखी एक: डेनमधून थेट गॅरेजमध्ये उघडणारं दार आहे. मला ते सोयीचं वाटलं, पावसात गाडीतून आईला सरळ खोलीत आणता येईल.

कंपास_पेटी
बरं झालं दाराचं लिहिलंत. खिडकीपेक्षा ते जास्त महत्त्वाचं आहे. झोपायच्या खोलीत गॅरेजमधून थेट दार चालतच नाही, संहितेत स्पष्ट मनाई आहे. गाडी सुरू करून कोणी दोन मिनिटं थांबलं तरी कार्बन मोनॉक्साइड दाराच्या फटीतून खोलीत येतो. वास नाही, रंग नाही, झोपलेल्या माणसाला कळत नाही. पेट्रोलचे डबे, रंग, गवत कापायचं यंत्र, सगळं तिथेच असतं. टीव्हीची खोली म्हणून हे दार खपून गेलं, झोपायची खोली म्हणून नाही. ते कायमचं भिंतीने बुजवा आणि येण्या-जाण्याचं दार कपडे धुण्याच्या खोलीत काढा. मधल्या भिंतीचं प्लास्टरबोर्ड गॅरेजच्या बाजूने पूर्ण आहे ना, तेही बघून घ्या.

आता खिडकी. मापं सांगतात की ती तिन्ही बाबतींत नापास: उंची कमी, जागा कमी, काठ वर. पण हे दुरुस्त करायला सोपं आहे. रुंदी वाढवायची नाही, म्हणजे खिडकीवरची आधाराची तुळई तशीच राहते. फक्त खालची भिंत कापून खिडकी खाली उतरवायची. काठ ५४ वरून ३४ इंचांवर आणला तर चौकटीची उंची ४२ होते. सरकती न घेता दाराच्या झडपांसारखी पूर्ण उघडणारी घ्या, दोन झडपांची. मापाची सूचना देताना दुकानदाराला चौकटीचं माप सांगू नका, उघडल्यावरची मोकळी जागा किती मिळेल ते लेखी मागा. कापायच्या भागात विजेचा सॉकेट किंवा हीटिंगचा पाइप आहे का ते आधी तपासा, साठच्या घरांत बाहेरच्या भिंतीलगत पाइप असतातच. गावच्या बांधकाम खात्याची परवानगी घ्या. परवानगीने केलेल्या कामाचा कागद विकताना उपयोगी पडतो.

बाकी: खोलीत धुराचा अलार्म, बाहेर कार्बन मोनॉक्साइडचा. खोली जमिनीवरच्या स्लॅबवर आहे म्हणून रेडॉनची, म्हणजे जमिनीतून येणाऱ्या किरणोत्सर्गी वायूची चाचणी; लिटरमागे ४ पिकोक्युरी किंवा जास्त आलं तर उपाय करावा. गालिच्याखाली ९ बाय ९ इंचांच्या जुन्या फरश्या निघाल्या तर स्वतः खरवडू नका, त्या काळच्या फरश्यांत ॲस्बेस्टॉस असायचं. आणि १९७८ च्या आधीचा रंग शिशाचा असू शकतो, भिंत कापताना ते ठेकेदाराला आठवण करून द्या.

जुना_पिंपळ
पॅनेलिंग मात्र काढू नका हो, शक्य असेल तर. खऱ्या लाकडाचं असेल तर आता तसं मिळत नाही. गडद वाटलं तर खिडकी मोठी झाल्यावर आपोआप उजळेल.

डॅलसकर
अर्ध्या बाथचं काय? आंघोळीला अर्धा जिना दोनदा चढायचाच ना?

कंपास_पेटी
कपडे धुण्याची खोली पलीकडेच आहे, म्हणजे पाणी आणि निचरा दोन्ही भिंतीला लागून. तिथून तीन फूट घेतले तर बिनउंबऱ्याचा शॉवर बसतो. स्लॅब फोडून निचऱ्याची नळी टाकावी लागेल, या सगळ्या कामात महाग तेच. पण करायचं तर भिंती उघड्या असतानाच करा. पकडायच्या दांड्यांसाठी भिंतीत आतून लाकडी ठोकळे आत्ताच ठोकून घ्या, फरशी लागल्यावर मग कुठे शोधणार.

माणगंगा
सगळ्यांचे आभार. घराला ऑफर देतोय. खिडकी, गॅरेजचं दार आणि शॉवर, तिन्हींचा अंदाज काढून किमतीत तेवढं धरलंय. आई या वर्षी येणार होती ती काम झाल्यावर, पुढच्या मेमध्ये येईल. ती म्हणते तोपर्यंत तिचा पासपोर्टही नवा होईल. टीव्ही वरच्या लिव्हिंग रूममध्ये. एजंटबाईंना विचारलं, गॅरेजच्या दाराचं माहीत होतं का? म्हणाल्या, "म्हणूनच तर म्हणत नव्हते."

विहीर_बावडी
उशिरा वाचला धागा. आमचा जर्सी सिटीतला भाड्याचा फ्लॅट १ बेडरूम + डेन, पाऊसवेडींसारखाच, खिडकी नाही. बाळ सात महिन्यांचं आहे. डेनमध्ये पाळणा ठेवून तिला वेगळं झोपवायचा विचार होता. इमारतीत सगळीकडे आग विझवणारे पाण्याचे फवारे आहेत, मग चालेल ना?

कंपास_पेटी
फवारे असलेल्या इमारतींना खिडकीच्या नियमात काही सवलती असतात, त्यामुळे नियम काय म्हणतो ते इमारतीच्या व्यवस्थापनाला लेखी विचारा. पण डेनला ताजी हवा येणारी झडप आहे का ते आधी बघा. बऱ्याच ठिकाणी नसते, दार लावलं की हवा कोंडते. पाळणा तुमच्याच खोलीत राहू दे. डेनमध्ये तुमचं कपाट हलवा, पाळण्याला जागा होईल.